एक्झॉस्ट बदलताय? मग कॅट कसा निवडायचा ते आधी बघा

स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदलायचा ठरला की नवखा माणूस सहसा दोनपैकी एक चूक करतो. एक तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) काढून तिथे सरळ पाइप टाकतो, नाहीतर 'सगळ्यात मोकळा' म्हणून जो हाताला लागेल तो कॅट बसवतो. पहिल्या चुकीने मागून चालणाऱ्यांच्या नाकात विष जातं आणि बहुतेक देशांत कायदाही मोडतो. दुसरीत चेक इंजिनचा दिवा लागतो आणि वर्षभरात तो कॅट निकामी होतो. दोन्ही टाळता येतात. मी इतकंच सांगेन की सेलचा आकडा, म्हणजे कॅटच्या आतल्या जाळीत एका चौरस इंचाला किती नळ्या, तो अगदी शेवटी बघा. त्याआधी इंजिनची तब्येत, जाळीचा व्यास आणि उष्णता या तीन गोष्टी बघा. खाली सगळं पायरीपायरीने लिहितो.

पायरी १: नेमकं काय हवंय ते ठरवा

फक्त आवाज हवा असेल तर कॅटला हातच लावू नका. आवाजाचा पोत ठरतो तो मुख्यतः मागच्या सायलेन्सरवर आणि मधल्या रेझोनेटरवर. कॅटच्या मागचा भाग तेवढा बदला. काम सोपं, सेन्सरची भानगड नाही आणि उत्सर्जनही जिथल्या तिथे राहतं.

ताकद हवी असेल तर गाडी टर्बोची आहे की विनाटर्बोची, हा पहिला प्रश्न. टर्बोच्या गाडीत टर्बाइनच्या मागचा दाब जितका कमी, तितका टर्बो लवकर फिरतो. म्हणून डाउनपाइप (टर्बोच्या लगेच मागचा पाइप) आणि त्यातला कॅट बदलल्याचा फरक तिथे पायाखाली जाणवतो, विशेषतः सोबत ट्यूनिंग केलं असेल तर. विनाटर्बोच्या आधुनिक गाडीत कंपनीचा कॅट बऱ्यापैकी मोकळा असतो. तिथे कॅट बदलून फार मोठी अपेक्षा ठेवू नका.

तिसरं कारण म्हणजे जुना कॅट खरोखरच गेलेला असणं. आणि चौथं, गाडी ट्रॅकवर नेत असाल तर मूळ कॅट त्या उष्णतेला टिकत नसणं. या चारही कारणांसाठी निवड वेगवेगळी होते. तेव्हा आपलं कारण कागदावर लिहून मगच पुढे जा.

पायरी २: आत काय चालतं ते समजून घ्या

कॅट उघडून पाहिला तर आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. धातूची जाळी हातात घेऊन उजेडाकडे धरा. शेकडो बारीक सरळ नळ्यांतून पलीकडचा प्रकाश दिसतो. किंचित तिरकी केली की सगळं काळं होतं. या नळ्यांच्या भिंतींवर अॅल्युमिनाचा खरखरीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण असतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइडचं आणि न जळलेल्या इंधनाचं कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर करतात. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सोडवतो आणि साधा नायट्रोजन बाहेर जातो. तिन्ही घाणींवर एकदम काम होतं, म्हणून याला थ्री-वे म्हणतात.

हे सगळं होण्यासाठी दोन अटी आहेत. पहिली तापमानाची. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅट 'पेटतो', म्हणजे काम सुरू करतो. त्याखाली तो नुसती जाळी असतो. दुसरी अट मिश्रणाची. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, या प्रमाणाच्या अगदी जवळ इंजिन चाललं तरच तिन्ही कामं एकत्र होतात. हे प्रमाण सतत किंचित वरखाली होत असतं, म्हणून लेपात सेरियाही (सेरियम धातूचा ऑक्साइड) मिसळलेला असतो. ऑक्सिजन जास्त झाला की सेरिया तो धरून ठेवतो, कमी पडला की सोडतो. हा साठा लक्षात ठेवा. पुढे चेक इंजिनच्या दिव्याचा विषय येईल तेव्हा लागणार आहे.

कॅटला विष कशाचं होतं हेही इथेच सांगतो. युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकातच मोटारीच्या धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिशाने लेप मरायचा. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या गाड्यांना कॅट आला, तो बिनशिशाच्या पेट्रोलला सोबत घेऊनच. आज शिसं गेलं, पण इंजिन ऑइलमधला फॉस्फरस आणि कूलंट किंवा सीलंटमधलं सिलिकॉन तेच काम करतं, फक्त हळूहळू.

पायरी ३: आधी इंजिन बरं करा

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता आणि त्यात एक नवाकोरा कॅट गेला. एक जुनी दोन दारांची गाडी घेतली होती. जोर कमी वाटत होता. एका गॅरेजमध्ये दाखवली तर कॅट चोंदलाय म्हणाले. तो खरंच चोंदला होता. मी ४०० सेलचा नवीन सिरॅमिक कॅट बसवला. तीन आठवड्यांत गाडी ४००० आरपीएमच्या वर पुन्हा दमायला लागली. कॅट उतरवला, ग्राइंडरने पोट कापलं. जाळीची कडा नवीन होती तशी पांढुरकी, पण मधोमध अंड्याएवढा भाग वितळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. एकही भोक उरलं नव्हतं. शोधत गेल्यावर तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल सापडली. तिला केसाएवढी भेग होती. इंजिन थंड असताना ठीक, तापून जोर लागला की मिसफायर. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळत होतं आणि जाळी आतून वितळत होती. पहिला कॅटही त्यानेच मारला असणार. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार झाला.

म्हणून कॅट मागवण्याआधी स्कॅनर लावून मिसफायरची मोजणी बघा, शक्यतो इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चढावर जोर देऊन. स्पार्क प्लग काढून बघा. गाडी ऑइल पीत असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर त्याचं कारण आधी शोधा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गास्केटमधून गळती असेल तर तीही बंद करा. तिथे धूर बाहेर येतोच, पण दोन स्पंदनांच्या मध्ये बाहेरची हवा आतही ओढली जाते. मग ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो, आणि कॅट नाहक तापतो.

पायरी ४: अडथळा खरंच कॅटमध्ये आहे का ते मोजा

कॅटच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. त्यांची आटे असलेली भोकं दाब मोजायला सोयीची. पुढचा सेन्सर काढून तिथे ० ते १५ पीएसआयचा गेज लावा. गेजला जोडणारी नळी धातूची असू द्या, रबरी नळी टिकणार नाही. आयडलला काटा जेमतेम हलला पाहिजे. गिअर न टाकता २५०० आरपीएमवर धरल्यावर ३ पीएसआयच्या वर गेला तर तिथून मागे कुठेतरी कोंडी आहे.

आता तोच गेज मागच्या सेन्सरच्या भोकात लावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कॅटचा वाटा. फरक नगण्य आणि मागचाच आकडा मोठा असेल तर दोष सायलेन्सरचा किंवा चेपलेल्या पाइपचा आहे, कॅटचा नाही. पूर्ण जोरात, रस्त्यावर मोजायचं असेल तर पुढचा सेन्सर काढून गाडी पळवू नका. इंधनाचं गणित त्याच्यावर चालतं. त्यासाठी पाइपला वेगळं छोटं भोक करून घ्यावं लागेल.

पायरी ५: जाळी निवडा

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो.

सेलचा आकडा म्हणजे एका चौरस इंचात किती नळ्या. कंपनीचे कॅट साधारण ४०० ते ९०० सेलचे असतात, स्पोर्ट्स कॅट म्हणून विकले जाणारे २०० किंवा १०० सेलचे, आणि मधले ३०० वालेही मिळतात. ४०० सेलच्या जाळीत एका नळीची रुंदी, भिंत धरून, १.२७ मिलिमीटर. २०० मध्ये १.८ आणि १०० मध्ये २.५४. नळी रुंद झाली की घर्षण कमी होतं. भिंत पातळ धरली तर ४०० वरून २०० वर आल्याने नळ्यांमधलं घर्षण ढोबळमानाने निम्मं होतं. पण लेप लागतो तो पृष्ठभागही सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. १०० वर आलात तर पृष्ठभाग थेट निम्मा. म्हणजे मोकळेपणाची किंमत धूर साफ करण्याच्या क्षमतेतून वसूल होते.

आता व्यासाकडे बघा. समजा तुमच्या जाळीचा व्यास ४ इंच आणि लांबी ६ इंच आहे. तितक्याच घनफळाची, तितक्याच सेलची, पण ५ इंच व्यासाची जाळी घेतली तर लांबी ४ इंचांहूनही किंचित कमी भरते. तोंडाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालं, म्हणून वायूचा वेग कमी झाला. शिवाय वायूला कापायचं अंतरही कमी झालं. दोन्ही मिळून जाळीतलं घर्षण आधीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतं. सेल निम्मे करून मिळतं त्याहून हे जास्त आहे, आणि यात लेपाचा एक चौरस सेंटिमीटरही गमावलेला नाही.

म्हणूनच मी म्हणतो, गाडीखाली जागा आहे तोवर व्यास वाढवा. जागा संपली की मगच सेल कमी करा. विक्रेत्याला जाळीचा व्यास आणि लांबी स्पष्ट विचारा. बाहेरच्या डब्याचं माप घेऊ नका, कारण डबा आणि जाळी यांच्यात उष्णतारोधक थर असतो आणि कधी कधी दुहेरी पत्राही. मूळ जाळीच्या घनफळाशी तुलना करा. मूळच्या निम्म्याहून लहान जाळी असेल तर सेल कितीही असोत, ती रोजच्या गाडीसाठी घेऊ नये.

मोठ्या व्यासाला एक अट आहे. पाइपमधून येणारा वायू पूर्ण तोंडावर पसरला पाहिजे. पाइपपासून डब्यापर्यंतचा कोन, म्हणजे नरसाळं, एकदम आखूड आणि उभं असेल तर वायू मधल्या नळ्यांतूनच घुसतो. मग मधला भाग जळतो आणि कडा कोऱ्या राहतात. नरसाळं लांबट आणि आतून गुळगुळीत असलेला कॅट घ्या.

जाळी सिरॅमिक की धातूची? सिरॅमिक म्हणजे बहुतेक वेळा कॉर्डिएराइट. स्वस्त, उत्तम काम करणारी, पण आपटली किंवा तापलेली असताना एकदम थंड पाण्यात गेली तर तडकू शकते. धातूची जाळी लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याची असते. भिंत पातळ असल्याने तितक्याच सेलला ती जास्त मोकळी पडते, लवकर तापते आणि धक्के सोसते. टर्बोच्या अगदी मागे किंवा ट्रॅकच्या गाडीत धातूचीच घ्या. मात्र जाळीचे थर एकमेकांना ब्रेझिंगने नीट जोडलेले आहेत का ते विचारा. नुसती गुंडाळून ठेवलेली जाळी जोराच्या स्पंदनांनी दुर्बिणीसारखी मागे सरकते.

पायरी ६: कुठे बसवणार?

इंजिनजवळ ठेवलात तर कॅट लवकर पेटतो, पण जास्त भाजतो. लांब ठेवलात तर आयुष्य वाढतं, पण सकाळच्या थंड सुरुवातीला धूर जास्त वेळ घाण राहतो. टर्बो पेट्रोल इंजिनात पूर्ण जोरात टर्बाइनच्या आधी धूर ९५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. टर्बाइन त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, तरी मागचा कॅट निवांत नसतो. साधारण ९०० ते १००० अंशांवर बराच वेळ राहिलं की लेपातले धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग कायमचा कमी होतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

माझा सल्ला असा की मूळ कॅट जिथे होता तिथेच नवीन ठेवा. सेन्सरच्या जागाही तशाच राहतात. गाडीला पेट्रोलचा पार्टिक्युलेट फिल्टर (काजळीचे कण अडवणारी जाळी) असेल तर तो वेगळा भाग आहे, त्याला धक्का लावू नका. दाबातला फरक मोजणारा सेन्सर त्याच्यावर नजर ठेवून असतो.

पायरी ७: मान्यतेची खूण आणि लेप

दोन कॅट बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात आणि किमतीत चौपट फरक असतो. तो फरक बहुतेक लेपात असतो. मौल्यवान धातू किती, हे उत्पादक एका घनफुटात किती ग्रॅम असं मोजतात. हा आकडा विचारा. सांगायला तयार नसेल तर मान्यतेच्या खुणेवर भिस्त ठेवा. युरोपातल्या मान्य बदली कॅटवर गोलात 'ई' अक्षर आणि देशाचा क्रमांक कोरलेला असतो. कॅलिफोर्नियात एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा, म्हणजे तिथल्या सरकारी मान्यतेचा, क्रमांक लागतो, आणि तो ठरावीक गाड्यांपुरताच असतो. तुमची गाडी त्या यादीत आहे का ते बघा, कारण डब्यावर क्रमांक आहे म्हणजे तो तुमच्या इंजिनलाही चालतो असं नाही. 'फक्त ट्रॅकसाठी' असं लिहिलेला कॅट रस्त्याच्या गाडीला लावू नका.

पायरी ८: मागचा सेन्सर आणि पी०४२०

मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटची परीक्षा घेत असतो. कॅट चांगला असेल तर सेरियाच्या साठ्यामुळे मागे ऑक्सिजनचे चढउतार पोचतच नाहीत आणि सेन्सरची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहते. साठा अपुरा असेल तर ती रेषा ०.१ ते ०.९ मध्ये नाचायला लागते. ईसीयू ते ओळखतो आणि पी०४२० हा कोड टाकतो. व्ही इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला तोच दोष पी०४३० म्हणून येतो.

यावर उपाय म्हणून सेन्सरखाली लांब स्पेसर घालणं किंवा ईसीयूमधून तपासणीच बंद करणं सुचवलं जातं. दोन्ही करू नका. धूर तितकाच घाण राहतो, आणि उद्या कॅट खरोखर वितळायला लागला तर सांगणारा एकमेव साक्षीदार तुम्ही गप्प केलेला असतो. दिवा टाळायचा खरा मार्ग म्हणजे पुरेशा घनफळाची, चांगल्या लेपाची जाळी. ३०० किंवा ४०० सेलची मोठ्या व्यासाची जाळी घेतली तर शक्यता खूप सुधारते. ट्यूनिंग करून घेणार असाल तर ट्यूनरला नवीन कॅटची मापं आधी सांगा. संपूर्ण जोरात मिश्रण किती घट्ट ठेवायचं यावर कॅटचं तापमान अवलंबून असतं.

पायरी ९: बसवणं

पाइपसाठी ३०४ प्रतीचं स्टेनलेस गंजत नाही, पण तापल्यावर बरंच वाढतं. त्याचा एक मीटर पाइप ६०० अंशांनी तापला की सुमारे १ सेंटिमीटर लांब होतो. त्यासाठी इंजिन आणि कॅट यांच्यामध्ये लवचिक बेलोज (घड्या असलेला पाइपचा तुकडा) हवा, नाहीतर तो सेंटिमीटर वेल्डिंगच्या सांध्यांतून वाट काढतो. ४०९ प्रतीचं स्टेनलेस कमी वाढतं आणि स्वस्तही असतं, वरून मात्र तांबूस गंज धरतं.

वेल्डिंग आर्गॉनचंच करून घ्या. आधी सगळे भाग गाडीखाली प्रत्यक्ष लावून नुसते टॅक मारा, चॅसिस आणि ड्राइव्हशाफ्टपासून अंतर तपासा, मग उतरवून पूर्ण वेल्ड करा. डब्यावर बाण असेल तर तो धुराच्या दिशेने. कॅटच्या पुढच्या कुठल्याही सांध्यात सिलिकॉनची पेस्ट वापरू नका, तिथे गास्केट किंवा व्ही-बँडच (पाइपांची टोकं आवळून धरणारा पट्टा) हवा. सेन्सरचे आटे बहुधा १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे असतात. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, सेन्सरच्या टोकाला एक थेंबही लागू देऊ नका. मूळ हीट शील्ड परत बसवा. ती काढून टाकून गाडी हलकी करण्यात काही अर्थ नाही. तिच्या वर गालिचा, वायरिंग आणि इंधनाच्या नळ्या असतात.

पायरी १०: पहिलं तापवणं आणि पुढचे आठवडे

सिरॅमिक जाळीभोवती जो थर असतो तो उष्णतेने फुगून जाळीला घट्ट धरतो. हे पहिल्यांदा सावकाश व्हायला हवं. उत्पादकाच्या सूचना असतील तर त्या पाळा. नसतील तर इंजिन सुरू करून पाचेक मिनिटं आयडलवर ठेवा, मग थोडा वेळ हलक्या आरपीएमवर, आणि बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. पहिल्याच फेरीत गाडी ताणली तर थर धड फुगत नाही, जाळी सैल राहते आणि काही महिन्यांत खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. सुरुवातीला थोडा धूर आणि वास येतो. तो पाइपवरच्या तेलाचा आणि त्या थरातल्या बाइंडरचा असतो. घाबरू नका.

दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. रबरी हातोडीने डब्यावर हलकेच ठोकून आवाज ऐका, आत काही हललं तर लगेच उतरवा. स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेषा बघा. आणि चौथ्या पायरीतला तोच गेज त्याच दोन भोकांत लावून २५०० आरपीएमचे आकडे पुन्हा घ्या. तारीख आणि किलोमीटरसह ते वहीत लिहून ठेवा. वर्षभराने गाडी जड वाटली तर पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.